पेन्सिलीनं खोडलेलं नाव

परतूरच्या स्टेशनात हैदराबादची गाडी शिरली तेव्हा माझ्या डोक्याला मायचा पांढरा पंचा गुंडाळलेला होता. मे महिन्याचं ऊन होतं. निम्मं स्टेशन डोक्याला काही ना काही गुंडाळून उभं होतं, म्हणून कुणी वळून पाहिलं नाही. पंच्याखाली वेणी नव्हती. आठ दिवसांपूर्वी कागद कापायच्या सुरीनं ती मानेपासून कापली गेली होती, आणि कापताना सुरी कानामागं घसरली ती जखम अजून ओली होती. आबा माझ्याशेजारी खांबाला धरून उभे होते. त्यांच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. डॉक्टरांनी अंथरुणातून उठू नका म्हणून बजावलं होतं, पण ऐकणाऱ्यातले असते तर ते संपादक कशाला झाले असते.

माय रडली नाही. भाकरी-चटणीचं फडकं माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "मामाच्या घरी तोंड खाण्यापुरतं उघडायचं." माझं नाव शांता आणि तोंड तोफखाना, असं ती मला लहानपणापासून म्हणत आली होती. मग आबा खिडकीशी आले. श्वास घेताना दुखत होतं म्हणून एकेक शब्द तोडून बोलले.

"पळून जाणारा दर टायमाला भित्राच असतो असं न्हाई, शांते. जाय. आन् गप राहा."

गाडी हलली. मी गप राहिले. सहा वर्षं गप राहिले, आणि आज बोलणार आहे ते त्याबद्दलच.

हे मी हैदराबादेत बसून लिहिते आहे, काचीगुड्याच्या एका गल्लीतल्या छापखान्यात, दुपारच्या सुट्टीत. सुभाषनं, माझ्या धाकट्या भावानं, आबांचं बंद पडलेलं साप्ताहिक पुन्हा सुरू करायचं ठरवलं आहे. त्याचं पत्र आलं की, अक्का, गाव सोडून गेलेल्या आपल्या माणसांच्या आठवणी छापायच्यात, तू बी लिही, वाचून माणसांना बरं वाटंल असं काही तरी लिही. सुभाष, बाबा रे, बरं वाटेल असं तुझ्या अक्काकडे फार काही नाही. आहे ते छाप, आणि एकही ओळ गाळू नकोस. ओळ गाळायचा हक्क संपादकाचा असतो हे मला चांगलं माहीत आहे. एकदा तो हक्क मी तुझ्या बापाच्या हातून हिसकावून घेतला होता.

परतूरची माणसं आबांना मास्तर म्हणत. ते शाळेत मास्तर होतेच, आठ वर्षं. त्यांचे वडील, म्हणजे आमचा आजा, गावात हलगी वाजवून पाटलाची दवंडी द्यायचा. कुणाचं जनावर हरवलं, कुठं सरकारी माणूस येणार, हे ओरडत सगळ्या गल्ल्या फिरायचं आणि परत येऊन पाटलाच्या ओट्याखाली उभं राहायचं. आबा म्हणत, "माझ्या बापानं जल्मभर दुसऱ्याची दवंडी दिली, मी आपली देतो." म्हणून साप्ताहिकाचं नाव 'आपली दवंडी'. आमच्या भागात आमच्या लोकांनी काढलेलं ते पहिलं. अंबडला एक जुना छापखाना मोडीत निघाला होता, तिथलं पायानं चालवायचं मशीन आबांनी बैलगाडीत घालून आणलं आणि आमच्या पुढच्या खोलीत बसवलं. त्यानंतर आमच्या घरात पाहुण्याला बसायला जागा उरली नाही. माय स्वयंपाकघरातून ओरडायची, "हे लोखंड तरी जेवंल का माझ्या हातचं?"

चार पानांचा अंक. पहिल्या पानावर आबांचा लेख, कधी कलेक्टरला उद्देशून, कधी मंत्र्याला, कधी आपल्याच लोकांना, आणि आपल्या लोकांना लिहिताना ते जास्त कडक लिहीत. वाक्यं लहान. एकही शब्द असा नाही की ज्यासाठी वाचणाऱ्यानं मान वर करावी. आमच्या वाचकांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. तीर्थपुरीच्या बाजारात एक शिंपी मशीन थांबवून अंक मोठ्यानं वाचायचा आणि त्याच्याभोवती पन्नास-साठ माणसं उकिडवी बसायची. आबा लिहिताना पुटपुटायचे ते त्यामुळेच. ते डोळ्यांसाठी लिहीत नव्हते.

खिळे जुळवायला मी शिकले ती तेराव्या वर्षी. शाळेतून आले की खिळ्यांच्या खणांच्या पेटीसमोर, म्हणजे केससमोर, उभी राहायची, एकेक अक्षराचा शिशाचा खिळा उचलून ओळ भरायची. अठराव्या वर्षी मी आबांचं अक्षर त्यांच्यापेक्षा बरं वाचत होते. काम करताना ते मला गोष्टी सांगत, आणि त्यांची लाडकी गोष्ट होती एका चिनी संपादकाची. शंभर वर्षांपूर्वीचा हा माणूस. एका जुन्या हिंदी मासिकात आबांनी त्याच्याबद्दल वाचलं होतं. त्यानं आपल्याच सरकारला नको ते लिहिलं, जीव घ्यायला माणसं मागं लागली, तो समुद्राकाठच्या परक्यांच्या शहरात पळाला आणि तिथं बसून स्वतःचं वर्तमानपत्र काढलं. रोज एक लेख. मायदेशात काय सडलंय ते परक्या शहरातून सांगत राहिला. त्याचं नाव आबांना धड म्हणता यायचं नाही, दर वेळी वेगळंच निघायचं, आणि मी हसायचे. आबा म्हणायचे, "हास. पर तो पळाला नसता तर एक लेख लिहून मेला असता. पळाला म्हणून हजार लिहिले." मला तेव्हा तो चिनी बिलकुल आवडत नव्हता. पळून गेला त्यात कसली मर्दुमकी, असं माझं मत होतं.

आता आबांचा नियम सांगते, कारण सगळं त्यावरच आलं. 'दवंडी'त बिननावाची बातमी छापली जात नसे. कुणावर काही गुदरलं तर बघणाऱ्यानं परतूरला येऊन सांगायचं. आबा लिहून घ्यायचे, वाचून दाखवायचे, आणि सांगणाऱ्याचा अंगठा वहीत घ्यायचे. बातमीच्या खाली छापायचं, सांगणार अमुक, राहणार तमुक. पोलिसाच्या कागदात आपला माणूस कायम 'एक इसम' असतो, असं आबा म्हणायचे, निदान आपल्या कागदात तरी त्याला नाव असू द्या. लोकांना याचा फार अभिमान होता. मजुरी बुडवून माणसं येत आणि नाव छापलेला अंक फडक्यात बांधून नेत. नियम चांगलाच होता. मी तो गिरवत मोठी झाले, तुम्ही पाढे गिरवले असतील तसा.

मग तो दुष्काळ आला. तो कुणाला सांगायला नको. जनावरं पटापट मरत होती, आणि मेलेली जनावरं ओढायची कुणी, हा प्रश्न गावागावांत पेटला. धम्म घेतल्यापासून आपल्या लोकांनी ते काम सोडलं होतं. सतरा वर्षं झाली होती सोडून. पण एक-दोन जनावरं मेली तर गाव गप्प बसतं, वेशीत वीस मढी फुगून पडली की जुनी हाक परत येते. आबांनी लेख लिहिला, 'मेलेलं जनावर कुणाचं?' ज्यानं जन्मभर त्याच्याकडून नांगर ओढवून घेतला, शेण नेलं, दूध काढलं, त्याचंच ते मढं, जिवंतपणी तुमचं आणि मेल्यावर आमचं ही वाटणी कुणी केली? तो लेख शिंप्यानं तीन बाजार वाचला.

मायच्या माहेरचं गाव तीर्थपुरीपासून दीड कोसावर आहे. तिथं काशिनाथ नावाचा एक बावीस वर्षांचा पोरगा होता, लग्न होऊन सहा महिने झालेला. त्याला एका बड्या शेतकऱ्याच्या माणसांनी बैल ओढायला बोलावलं. तो म्हणाला, मी न्हाई ओढणार, ज्याचा बैल त्यानं ओढावा. एवढंच. त्यांनी त्याला त्या मेलेल्या बैलाच्याच कासऱ्यानं बैलाच्या पायाला बांधला आणि जुवाच्या लाकडी खुंट्यांनी मारला. मेल्यावरही मारत होते. पोलिसांनी लिहिलं, इसम जनावर ओढताना दगडावर पडून मयत. म्हणजे न ओढल्याबद्दल मेलेला माणूस कागदावर ओढताना मेला.

बघणारी एकच होती. गयामावशी. रक्ताची मावशी नव्हे, मायच्या लहानपणची मैत्रीण, नवरा लवकर गेलेली, मोलमजुरी करणारी. बांधाआड गवऱ्या वेचत होती. तिनं सगळं पाहिलं, पाचही माणसं ओळखली, आणि दुसऱ्या दिवशी चालत आणि मग एसटीनं परतूरला आली. सांगताना तिचा आवाज हलला नाही. अंगठा देताना मात्र तिनं मला विचारलं, "शांती, ह्यो लई काळा दिसंल का गं छापल्यावर?" अंगठा छापत नाहीत मावशी, नाव छापतात, असं मी सांगितलं. तिला बरं वाटलं.

अंक निघायच्या दोन दिवस आधी भर दुपारी दोन माणसं आमच्याकडे आली. स्वच्छ धोतरं, नम्र बोलणं. बाकावर बसली, पाणी नको म्हणाली. एकजण मशीनकडे बघत आबांना म्हणाला, "मास्तर, काशिनाथची बातमी यायलीय म्हनं. येऊ द्या. फकस्त सांगनाराचं नाव बराबर छापा. आम्हाला बी कळू द्या." आणि उठून गेली. मी खिळे हातात घेऊन तिथंच उभी होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या घरात येऊन आम्हाला आव्हान देतात म्हणजे काय. आबा बराच वेळ अंगठ्याची वही चाळत बसले.

दुसऱ्या दिवशी कागद आणायला ते जालन्याला गेले. जाताना हस्तलिखित केसवर ठेवून गेले. घाईत होते, गाडीची वेळ झाली होती, तोंडी काही सांगितलं नाही. मी जुळवायला घेतलं. शेवटच्या पानावर 'सांगणार गयाबाई' ही ओळ पेन्सिलीनं खोडलेली होती. गावाचं नावही खोडलेलं.

त्या पेन्सिलीच्या रेघेकडे मी किती वेळ बघितलं ते आठवत नाही. मला आबांची लाज वाटली. हे जसंच्या तसं लिहिते, कारण यात सूट घेतली तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मला वाटलं, दोन धोतरवाले येऊन बसले आणि माझ्या बापानं नांगी टाकली. एवढी वर्षं आम्हाला नियम शिकवला आणि वेळ आली तेव्हा स्वतःच मोडला. मावशी एवढ्या लांबून आली, तिला भीती वाटली नाही, आणि हे घाबरले. त्या माणसांना नाव कशासाठी हवं आहे हे न कळायला मी खुळी नव्हते. कळत होतं. पण अठरा वर्षांच्या डोक्यात ते 'कळणं' कुठं तरी मागं बसलं होतं आणि अपमान पुढं. मी गयामावशीचं नाव जुळवलं. गावाचंही जुळवलं. जुळलेली पानं चौकटीत बसवून फर्मा आवळला, मशीनवर चढवला आणि आबा येईपर्यंत घरात उरलेल्या कागदावर साडेतीनशे अंक छापून, घडी घालून, तीर्थपुरीच्या एसटीत दिलेसुद्धा. आबा कागदाची रिमं घेऊन आले तेव्हा मी विजयी चेहऱ्यानं उभी होते. त्यांनी अंक उचलला. शेवटचं पान पाहिलं आणि तसेच चपला घालून एसटी स्टँडकडे पळत गेले. गाडी निघून गेली होती.

बाजार दुसऱ्या दिवशी होता. शिंप्यानं बातमी वाचली, नाव वाचलं. तिसऱ्या दिवशी पाच माणसं गयामावशीच्या घरी गेली. मी हे पाहिलेलं नाही, पण पाहिलेल्यांनी सांगितलं ते इतक्या वेळा ऐकलं आहे की आता पाहिल्यासारखंच झालं आहे. त्यांनी तिला केसांना धरून अंगणात आणलं. कुठल्या हातानं अंगठा दिला ते विचारलं. ती बोलली नाही. तेव्हा त्यांनी तिचाच पाटा अंगणात आणला, उजवा हात त्यावर धरला आणि वरवंट्यानं ठेचला. एकदा नाही. हाडांचा आवाज थांबून नुसता मांसाचा आवाज यायला लागेपर्यंत ठेचला. वस्तीतले लोक दारं लावून आत होते. त्यांना मी दोष देत नाही.

तीच माणसं, आणखी दहा-बारा घेऊन, दुपारी परतूरला आमच्या दारात. कागदावर रॉकेल ओतलं. खिळ्यांच्या केसेस रस्त्यावर उलथ्या केल्या आणि शिसं पायाखाली तुडवलं. मशीनचा दांडा काढून आबांना मारलं, आधी पाठीत, मग ते वळले तेव्हा छातीत. मायला ढकललं ती चुलीवर पडली, तिच्या कोपरावर अजून डाग आहे. मी खिळे जुळवायची लोखंडी पट्टी एकाच्या तोंडावर मारली. त्याचा दात पडला, ते मात्र मला अजूनही बरं वाटतं. मग त्यांनी मला उंबऱ्यात पालथी पाडली, एकजण पाठीवर गुडघा देऊन बसला आणि दुसऱ्यानं आमच्याच सुरीनं वेणी कापली. कापून आगीत टाकली. केस जळल्याचा वास मला अजून कुठंही आला, तरी मी ते ठिकाण सोडून जाते.

पोलीस आले, पंचनामा झाला, ठिणगी उडून कागद पेटला असं त्यात लिहिलं गेलं.

आता ते सांगते जे परतूरमध्ये कुणालाच ठाऊक नाही. चौथ्या दिवशी विहारात आपली माणसं जमली. राग सगळ्यांना होता, आणि जो मारणाऱ्यावर काढता येत नाही तो राग माणूस जवळच्यावर काढतो. मावशीचा दीर उठून म्हणाला, "मास्तर, तुमाला म्हाईत व्हतं त्ये लोक नाव मागून ऱ्हायलेत. मंग बाईचं नाव कशापायी छापलं?" आबा भिंतीला धरून उभे राहिले. छातीला पट्टा बांधलेला. म्हणाले, "चूक माझी हाय. नाव म्या टाकलं." मी मागं बायकांत बसले होते. डोक्याला पंचा होता. मी उठायला हवं होतं. माझं ते प्रसिद्ध तोंड, जे दोन वेण्या घालायच्या वयापासून कुणासमोर मिटलं नव्हतं, ते उघडलं नाही. आबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटतं, पाहिलं असतं तर मी उठले असते, आणि तेच त्यांना नको होतं.

घरी आल्यावर मी म्हणाले, आबा, मी सांगते सगळ्यांना. ते म्हणाले, "तुला अजून लई लिहायचंय. माझं झालंय लिहून." आणि मामाला पत्र टाकलं.

हैदराबादेत मामा रेल्वेच्या वर्कशॉपात होता. त्याच्या घरी चार महिने मी खरंच तोंड खाण्यापुरतं उघडलं. मग या छापखान्यात लागले. मालक म्हातारे आहेत, मला 'अम्मा' म्हणतात, आणि 'क्या जी, इत्ता चुप कायकू रहते' असं विचारून विचारून थकले. हिंदी शाळांची पुस्तकं छापतो, आणि लग्नाच्या पत्रिका, हिंदी, मराठी. म्हणजे मी दिवसभर नावं जुळवते. नवरा, नवरी, आजा, आजी, काका, आत्या. एकही गळत नाही. कामावर हात बसलेला आहे म्हणून माझी इथं कीर्ती आहे. केस वाढले. तेलुगू यायला लागली. चिंचेचा पुलुसू मला आता आमटीपेक्षा आवडतो, माय हे वाचेल तर वाचू दे. 'नक्को' तोंडात बसलं. परातीत भाकरी थापताना परतूरची आठवण यावी अशी वेळही कमी झाली, कारण भात खायला लागले. माणूस इतकं पटकन बदलतं याचं मला वाईट वाटायचं आणि सुटल्यासारखंही वाटायचं. गेल्या वर्षी विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळ्या मराठवाड्यात आपली घरं पेटली तेव्हा मी इथं रेडिओला कान लावून बसले होते. त्यावर मी लिहिणार नाही, ज्यांनी भोगलं त्यांनी लिहावं. मी सुखरूप होते.

आबांची पत्रं येत. पाऊस, माय, सुभाषचा अभ्यास. शेवटी नेहमी एक प्रश्न, काही लिहिलं का? मी दर वेळी उत्तर देत असे की वेळ मिळत नाही. त्यांना वाटत होतं, मी त्या चिन्यासारखी परक्या शहरातून लिहीन. त्यासाठी त्यांनी स्वतःचं नाव माझ्या अंगावर पांघरलं होतं. आणि मी सहा वर्षांत लग्नपत्रिकांपलीकडे एक ओळ लिहिली नाही, कारण काहीही लिहायला बसले की पहिली ओळ 'सांगणार गयाबाई' हीच यायची.

परतूरमध्ये त्यांचं काय झालं ते मला सुभाषनं कळवलं. 'दवंडी' बंद पडली ती जळाल्यामुळे नाही, आबांनी वर्गणी मागितली असती तर मशीन उभं राहिलं असतं. पण आता कुणी त्यांना काही सांगायला येईना. बाईचा घात करणारा मास्तर, अशी त्यांची ओळख झाली. विहारात ते बसले की त्यांच्या आजूबाजूची चटई रिकामी राहायची. ते दर वर्षी मे महिन्यात, त्याच तारखेला, गयामावशीच्या गावी चालत जायचे आणि तिच्या दारासमोर उभे राहायचे. बोलायचे नाहीत. संध्याकाळी परत यायचे. या जानेवारीत ते गेले.

मी आले, तुमच्यातल्या काहींनी मला पाहिलं. गयामावशी आली नाही. आबांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मी एसटीनं तीर्थपुरीला गेले आणि तिथून चालत तिच्या गावी.

ती दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचत होती. पोटाशी ओटी बांधलेली, डाव्या हातानं वेचायचं. उजव्या हाताला अंगठा नाही, बोटं नाहीत, मनगटापुढं एक गोळा आहे. त्यानं ती झाड दाबून धरत होती. तिनं मला ओळखलं.

"बाप गेला म्हनं."

"गेले."

"मी न्हाई आले."

"म्हाईत हाय, मावशी."

मग मी सांगितलं. हस्तलिखित, पेन्सिल, खोडलेली ओळ, एसटी, आबांचं पळत जाणं. विहारात मी पंचा बांधून कशी बसून राहिले तेही. उभ्याउभ्या सांगितलं, तिनं बस म्हटलं नाही. तिचा हात बोंडावर तसाच राहिला.

"त्यानं खोडलं व्हतं?"

"हो."

"आन् तू टाकलं."

"मी टाकलं."

"मंग त्यो माझ्या दारात कशापायी येऊन उभा राह्यचा?"

मावशी माझ्याकडे बघत नव्हती, कापसाकडे बघत होती. "औंदा तर काठी घेऊन आल्ता," ती म्हणाली. "लई खोकत व्हता. उन्हात उभा. मी दाराला कडी घातली. सहा साल कडीच घातली. दारात आलेल्या कुत्र्याला पाणी देती मी. त्याला इचारलं न्हाई."

औंदा म्हणजे गेल्या मेमध्ये. आबांचा तो शेवटचा फेरा. मी काही तरी बोलायला गेले, बहुधा माफ कर म्हणायला, आणि तिनं मारलं. त्या उजव्या हातानं. बोटं नसलेल्या हाताची चापट बसत नाही, हाड बसतं. मी तोल जाऊन सरीत पडले, ओठ फुटला. बाकीच्या बाया वेचायच्या थांबल्या. मावशी ओरडली नाही. ती माझ्यासमोर बसली. तिच्या ओटीतला कापूस माझ्या अंगावर सांडला होता, तो ती डाव्या हातानं गोळा करत होती.

"वरवंटा घालणारे म्या समजू शकते," ती शेवटी म्हणाली. "त्ये तसलेच. पर तू मला त्या माणसाच्या अंगावर घातलं. माझा राग सहा साल भलत्याच दारात ठिवला. आता त्यो तिथून उचलून तुझ्या दारात आणायचा म्हणलं तर तुझं दार कुठं हाय? हैदराबादात."

मी उठले, तिनं मला थांबवलं नाही. परतीच्या एसटीत ओठाला पदर लावून बसले होते आणि मला रडू येत होतं. मार लागला म्हणून नाही. सहा वर्षांत माझ्याशी खरं बोललेलं पहिलं माणूस मला मिळालं होतं.

घर म्हणजे काय, असं सुभाषनं पत्रात विचारलं आहे. गेलेल्या माणसांना हे विचारायची पद्धत आहे आणि उत्तर म्हणून विहीर, लिंब, भाकरी असं काही लिहायचीही. इथं हैदराबादेत मला सगळे चांगलं म्हणतात. मालक म्हणतात, घरमालकीण म्हणते, सोबत काम करणाऱ्या मुली म्हणतात. माझ्यावर रागवायचं कारण इथं कुणाकडेच नाही. सहा वर्षं मी त्याला सुख समजत होते. पण ज्या गावात आपल्यावर रागवायचा हक्क असलेलं एकही माणूस नाही, तिथं आपण फक्त राहत असतो. माझ्यावर रागवायचा हक्क असलेलं माणूस तीर्थपुरीपासून दीड कोसावर कापूस वेचतं, आणि त्याला माझं दार सापडत नाही.

आबांना वाटत होतं मी लांब राहून लिहावं. त्या चिनी संपादकाला लांब जावं लागलं, कारण मागं त्याच्यावर वार करणारे होते. वेणी कापणारे होते, पण सहा वर्षांत माझ्या मागावर कुणी आलं नाही. मी खरी पळत होते ती मावशीपासून आणि विहारातल्या आपल्या माणसांपासून, आणि त्यांनी मला कधीच काही केलं नव्हतं.

म्हणून कळवते की एक तारखेला मी परतूरला येते आहे, राहायला. मालकांना सांगितलं आहे. सुभाष, पुढची खोली झाडून ठेव, भिंतीचा काळा डाग चुन्यानं झाकू नकोस. अंक मी जुळवीन. हा अंक तीर्थपुरीच्या बाजारात मोठ्यानं वाचला जाईल, तेव्हा शिंपीदादा, हे एवढं जरा सावकाश वाचा. मावशी, खोलीचं दार रस्त्याकडे उघडतं, स्टँडवर उतरलं की उजव्या हाताला तिसरं. दिवसभर उघडं राहील. यायचं की नाही ते तू ठरव. मी आत असेन.